काय दिसून राहिलं, सांग

गेल्या दिवाळीनंतर मी आमच्या व्याह्यांना शेजाऱ्याचं वावर आपलं म्हणून दाखवलं. नुसतं दाखवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी तिथं चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं. सुनेचे वडील नांदेडचे, आयुष्य बँकेच्या काउंटरमागं गेलेलं, त्यामुळं श्रोता म्हणून एकदम उत्तम. मी हळदीचं पान हातात धरलं, त्याची रुंदी बोटांनी मोजून दाखवली, हे शेणखताचं काम आहे म्हणालो, आमच्या आबांनी ही माती कशी जपली ते सांगितलं, आणि शेवटी जरा घसा भरून येऊ दिला. तेवढ्यात छातीभर उंच हळदीतून हातात विळा घेतलेला रामकिसन बाहेर आला. तो कधीपासून ऐकत होता कोण जाणे. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, तसाच हात मागं बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझ्या हळदीचं इतकं कौतुक तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकून राहिलो. पाचवीत तर तुमी मला निस्ता भोपळा दिला होता." मग व्याह्यांकडं वळून अगदी नम्रपणे, "गुरुजींचं वावर ते पलीकडलं. तिथं थोडं तण झालंय."

व्याही हसले नाहीत. लेकीच्या संसाराकडं बघून त्यांनी हसू गिळलं, ते मला दिसलं. मी म्हणालो की धुऱ्यावरचा, बांधावरचा लिंब पांदणीची वाट रुंद करताना तोडला, त्या लिंबाच्या खुणेनंच मी आयुष्यभर वळत आलो, म्हणून गफलत झाली. चष्म्याचा नंबरही बहुतेक बदललाय म्हणालो. माझी बायको सुमन विहीणबाईंबरोबर मागून येत होती. ती काहीच बोलली नाही. सुमनचं बोलणं मला पस्तीस वर्षांत सवयीचं झालंय, पण तिचं न बोलणं अजून जड जातं.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की ह्याच वाटेनं, ह्याच वावरात माझे वडील, आबा, डोळ्यांनी दिसत नसताना अकरा वर्षं गेले आणि एकदाही दुसऱ्याच्या धुऱ्यावर चढले नाहीत. त्यांची ती अकरा वर्षं पहिल्याच साली बुडायची होती, आणि बुडवणारा मी होतो. माझ्या पोरांना आबांच्या गोष्टी माहीत आहेत, पण ही मी त्यांना कधी सांगितलेली नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं गाव हट्टा ह्या बाजाराच्या गावाहून पायी तासाभरावर. घर पत्र्याचं, तीन खोल्यांचं, पुढं शेणानं सारवलेला ओटा. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्यानं. परातीत थप-थप-थप, मग तव्यावर पडल्याचा एक ओला आवाज, मग पाण्याचा हात फिरला की चर्र. त्याच्यामागं गावातल्या गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा. आबा ओट्यावर बसून दात घासायचे आणि आतल्या भाकरी मोजायचे. "तिसरी करपून राहिली," असं ते बाहेरून सांगायचे आणि माय म्हणायची, "तुमी आपले दात घासा." पण भाकर उलटायची. मला वाटायचं ही त्यांची चेष्टा आहे. आबांनी डोळ्यांचं काम कानाला लावायला केव्हाच सुरुवात केली होती, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

त्यांनी ते लपवलं होतं. चांगली दोन वर्षं. दाराच्या चौकटीला खांदा लागला की म्हणायचे, "ही चौकट कोणं सरकवली?" आम्ही हसायचो. डाव्या बाजूनं आलेल्या माणसाला ओळखायचे नाहीत आणि मग तोच माणूस कसा गर्विष्ठ झालाय ते सांगायचे. शेवटी एका सकाळी म्हशीच्या पाठीवरच बादली ठेवली, तेव्हा मायनं भांडून त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. नजर आधी कडेकडेनं जाते, मधलं तेवढं राहतं, मग तेही जातं. गेलं ते परत येत नाही, दोन वर्षं आधी आला असता तर राखता आलं असतं. निघताना ते असंही म्हणाले, की हे घराण्यात येतं, घरातल्यांनी चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. चाळिशी हे मला कोणत्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातलं गाव वाटायचं.

पोळ्यापर्यंत आबांना उजेड आणि सावली एवढंच कळायला लागलं. माझे धाकटे चुलते, तात्या, वेगळे राहायचे पण आमच्या वावराला लागूनच त्यांचं वावर. ते एक दिवस सकाळी आले, ओट्याखाली उभे राहिले, चपला काढल्या नाहीत. तात्या वाईट माणूस नव्हते. आमच्या विहिरीला कठडा नव्हता, आणि आबा एकटे वावरात गेलेत असं कळलं की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, हे मला काकूनं नंतर सांगितलं. पण बोलायला लागले की ते सगळं हुकमासारखं यायचं.

"दादा, आता तुमी ओट्यावर बसा. चहा हितं यील, भाकर हितं यील. वावर मी बघतो."

"आन् मी काय बघू?" आबा म्हणाले.

 माय आतून चहा घेऊन आली आणि मधेच थांबली. आबांनी बशी हातानं चाचपून घेतली, एक घोट घेतला. मग म्हणाले, "यंदाची हळद माझ्या हातानं शिजू दे. बिघडली तर तू म्हणशील तिथं बसतो. ओट्यावर म्हण, न्हाई तर गोठ्यात म्हण."

"हळद शिजवायला डोळे लागतात, दादा."

"डोळे हाईत की," आबा म्हणाले आणि माझ्या दिशेनं मान केली. "हे बेणं बारावीला गणितात पडलंय. घरीच हाय."

असा मी आबांचा डोळा झालो. त्या वेळी मला तो अपमान वाटला. माझे सोबती परभणीला, औरंगाबादला कॉलेजात गेलेले, आणि मी सकाळी उठून बापाचा हात खांद्यावर घेऊन पांदणीनं निघायचो. मला ह्या गावातून कधी एकदा निघतो असं झालं होतं. गावात बघण्यासारखं काही नाही, असं माझं तेव्हाचं ठाम मत होतं, आणि ते मत मी कुणीही न विचारता सांगत सुटायचो.

वाट अशी होती. गिरणीपाशी डावीकडं वळलं की पांदण सुरू. तिथं पायाखाली पिठासारखी मऊ माती. पुढं नाला, त्यात मुरूम, चप्पल करकरायची. नाल्याच्या चढाला दोन्ही बाजूंनी घाणेरीची झुडपं, तिचा उग्र वास. मग कॅनॉलचा पूल, पाणी सुटलेलं असलं की पायाखालून एक गार हवा वर यायची. मग आपला लिंब, आणि लिंबाच्या पलीकडं आपलं वावर. आता मी हे असं लिहितोय, पण ही वाट मला अशी तेव्हा ठाऊक नव्हती. ही वाट आबांच्या पायांची आहे. मी त्या वेळी फक्त पुढं चालत होतो.

पुलावर आलं की आबा विचारायचे, "काय दिसून राहिलं, सांग."

"काही न्हाई."

"आभाळ?"

"हाय."

"म्हणजे काही तरी दिसून राहिलं."

वावरात गेल्यावर ते लिंबाखाली बसायचे आणि मला पाठवायचे. हळदीच्या पानावर ठिपके आलेत का बघ, शेवटच्या सरीत पाणी पोचलं का बघ, कडेची तूर कुणाच्या म्हशीनं खाल्ली का बघ. मी दोन सऱ्या चालायचो, विहिरीच्या पलीकडं बसून रेडिओवर क्रिकेट ऐकायचो, बरोब्बर अंदाजानं वेळ लावून परत यायचो आणि सांगायचो, "समदं बराबर हाय." असे पंधरा-वीस दिवस गेले. मला वाटलं, हे काम काही वाईट नाही.

एका दिवशी पाण्याची पाळी होती. मी परत येऊन सांगितलं, "पाणी शेवटच्या सरीपर्यंत गेलं."

आबा लिंबाच्या मुळीवर बसले होते. म्हणाले, "चपला घालून आलास?"

"व्हय."

"कोरड्या वाजल्या. पाणी शेवटच्या सरीत गेलं असतं तर चपला हातात घेऊन आला असतास, घोट्यापर्यंत चिखल घेऊन." ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "तू खोटं बोललास तर मला कळतं. पण कळायला मला इथं बसून तुझ्या चपला ऐकत बसावं लागतं. त्यात माझा दिवस जातो. तवा असं करू. उद्यापासून रोज मला तीन गोष्टी सांगायच्या. वाटेतल्या न्हाई तर वावरातल्या. काल सांगितल्या त्या चालायच्या न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, लिंब, विहीर, म्हैस. तिसऱ्या दिवशी पूल, बाभळ आणि दुसरी एक म्हैस.

"दुसरी म्हंजी कसली?"

"काळी."

"म्हशी गोऱ्या कवापासून व्हायला लागल्या?"

आठवड्यात माझा साठा संपला. मग मी गोष्टी तयार करायला लागलो. एकदा सात हरणं सांगितली. आबा म्हणाले, "सात हरणं पांदणीनं गेली आन् वावरातल्या आखाड्यावरचं एक कुत्रं भुंकलं न्हाई. बरंच शहाणं झालं गाव." त्या दिवशी मी पुरता वैतागलो. ठरवलं, ह्या म्हाताऱ्याला असं काही तरी दाखवतो की ह्याला खोट काढता येणार नाही. आता कळतं की तिथंच मी सापडलो. पण सतरा वर्षांच्या पोराला हे कळलं असतं तर तो गणितात पडला नसता.

मी खरोखर बघायला लागलो. रागानं बघायला लागलो म्हणा. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे होते, ते मी जन्मापासून बघत होतो. त्यांची सगळी तोंडं एकाच अंगाला आहेत हे मला त्या महिन्यात दिसलं. मुंग्यांची एक ओळ आमच्या धुऱ्यावरून तात्यांच्या धुऱ्यावर जायची आणि तिथं एकाच दगडाला वळसा घालायची. तो दगड मी उचलून टाकला, तरी दोन दिवस त्या मुंग्या, तिथं नसलेल्या दगडाला वळसा घालत राहिल्या. कॅनॉलचं पाणी सुटायच्या आधी त्यात एक पालापाचोळ्याचा पट्टा पुढं येतो, पाणी मागून येतं. हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे मला म्हाईत नव्हतं." मला काय झालं ते सांगता येत नाही. परीक्षेच्या निकालानं जे कधी झालं नव्हतं ते झालं.

आणि मग फूल. हळदीला फूल येतं हे मला सतरा वर्षं माहीत नव्हतं. वर नुसती पानं दिसतात, पण पानांच्या आत, बुडाकडं, पांढरट-हिरव्या दुमडलेल्या पानांचा एक कोंब निघतो आणि त्याच्या खोबणीतून पिवळी फुलं डोकावतात. मी ते तोडून धावत लिंबाखाली आलो आणि आबांच्या हातावर ठेवलं. संध्याकाळी जेवताना हीच गोष्ट. तोवर घरात तशी रीतच पडली होती. मी जेवायला बसलो की माय ताटात भाकर वाढायची, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, आणि विचारायची, "आज काय आणलं?" मी सांगितलं, हळदीला फूल येतं. माय म्हणाली, "मी वीस वर्षं त्याच्यात खुरपं धरून राहिले. मला म्हाईत हाय."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू कवा विचारलं?"

आबा घास चावत म्हणाले, "आपल्या लग्नाच्या साली हिनं ते डोक्यात घातलं होतं." मायनं उलथणं तव्यावर जरा जोरातच आपटलं. पण त्या दिवशी आबांना तिनं न विचारता दुसऱ्यांदा दही वाढलं. मी ती तिसरी गोष्ट म्हणून मोजली.

मला हे सगळं फार मोठं करून सांगायचं नाही. माझं गावावर एकाएकी प्रेम बसलं, असं काही झालं नाही. मला अजूनही जायचंच होतं, आणि पुढं मी गेलोही, मास्तर होऊन परत आलो ते बदलीच्या यादीत नाव लागलं म्हणून. पण रोज सकाळी उठताना आज कुठल्या तीन असा विचार आपोआप यायला लागला. आबाही बदलले. गिरणीपासून नाल्यापर्यंत त्यांनी माझा खांदा सोडला. मग पुलापर्यंत. मी मागं चालायचो आणि ते पुढं, काठी जमिनीला न लावता, पायांनी माती चाखत. एकदा तर नाल्यात थांबून म्हणाले, "कोणं तरी हितून मुरूम नेला." बघितलं तर खरंच खड्डा. तात्यांना हे दिसत होतं. ते काही बोलायचे नाहीत, पण आम्ही वावरात असलो की त्यांचं काम नेमकं आमच्या विहिरीच्या बाजूला निघायचं.

होळीच्या सुमाराला हळद काढली. पाला कापून झाला, नांगर लावला, बायांनी माती झटकून गड्डे वेगळे केले, ओल्या हळदीचा ढीग लागला. आणि हट्ट्याहून रहीमचाचा कढई घेऊन आले. त्यांच्या घरात दोन पिढ्या हेच काम, बैलगाडीत पालथी घातलेली ती लोखंडी कढई म्हणजे एखादं घरटं उलटं चाललंय असं दिसायचं. चाचांचा एक नियम होता, तो ते प्रत्येक वावरात पहिल्यांदा सांगायचे. "आग माझी, हळद तुमची. काढा म्हणायचं मालकानं. मी न्हाई म्हणणार." कारण हळद बिघडते ती ह्याच एका तासात. कमी शिजली तर आतून फिकी राहते, जास्त शिजली तर रंगच उतरतो. नऊ महिन्यांचं पीक आणि एक तासाची परीक्षा. गावात आबांच्या हातची हळद ओळखायची माणसं होती. पण ती त्यांच्या डोळ्यांच्या काळातली.

चुलवण खणलं, कढई बसवली, हळद भरली, वर चार बोटं पाणी, त्यावर पाला आणि ओली पोती झाकली. सकाळी ऊन अंगावर यायच्या आत जाळ लागला. आबा कढईपासून दोन हातांवर बसले, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मुद्दाम धुरात. त्यांना वास पाहिजे होता. मला काम एकच, पोतं उचलून फेस बघायचा. फेस पांढरा आला आणि वास सुटला की काडी टोचायची, काडी आरपार गेली की काढायचं. तात्या बाभळीच्या सावलीला हाताची घडी घालून बसले होते. माय सगळ्यांना धपाटे वाढत होती. तात्यांनी धपाटा घेतला, पण खाल्ला नाही, तसाच हातात धरून बसले.

 मला वाटत होतं, हे लवकर संपावं. आबा जिंकावेत आणि लवकर जिंकावेत. मी पहिल्यांदा पोतं उचललं तेव्हा फेस होता. मातकट, पिवळा, कडेला मळी जमलेली. हा पहिला फेस मातीचा असतो, तो मोजायचा नसतो, हे आमच्याकडं चालायला लागलेल्या लेकरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं. मळी थोडी कमी, पण फेस गढूळच. आणि आबांनी विचारलं, "काय दिसून राहिलं, सांग."

"पांढरा फेस आलाय," मी म्हणालो.

का म्हणालो, ह्याचं उत्तर मी पुढं कित्येक वर्षं शोधलं. जे त्यांना ऐकायचंय ते आपण सांगितलं की ते खरं होईल, असं काहीसं असावं. आळसानं खोटं बोलणं वेगळं. हे मायेनं बोललेलं खोटं होतं आणि ते आळसाच्या खोट्याहून वाईट निघालं.

आबांनी नाक वर केलं. धूर त्यांच्या तोंडावरून जात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "वास आला न्हाई."

तात्या उठले. "पोरगं म्हणून राहिलं ना फेस आला म्हणून? मग काढा की, दादा. नाकानं शिजवता का हळद? जास्त झाली तर रंग जाईल."

"चाचा?" माय म्हणाली.

रहीमचाचांनी चुलवणात एक लाकूड सारलं. "मी न्हाई बोलणार, भाभी. मालक बोलतील." पण त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग कढईकडं, आणि मग पुन्हा जाळाकडं. त्यांना पोत्याच्या कडेनं फेस दिसत होता.

आता निवड आबांची होती. एका बाजूला त्यांचं नाक, दुसऱ्या बाजूला माझे डोळे. सहा महिने ज्या डोळ्यांवर भरवसा ठेवला ते डोळे. मला दिसत होतं की ते माझ्या बाजूनं झुकायला लागलेत. त्यांचा हात गुडघ्यावरून उठला, चाचांना खूण करायला. एकदा खूण झाली असती तर चाचांच्या गड्यांनी हळद उपसली असती, फिक्या रंगाची, आणि आबा आपल्या शब्दाप्रमाणं ओट्यावर जाऊन बसले असते. पण हात मध्येच थांबला. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज न वाढवता. "दत्ता. काय दिसून राहिलं?"

"फेस गढूळ हाय, आबा," मी म्हणालो. "आधीचं मी खोटं बोललो."

तात्या खाली बसले. मायनं पदर तोंडाला लावला. आबांनी हात परत गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "झाका. जाळ तसाच राहू द्या." आणि मला, "पोतं तूच उचलायचं. दुसरं कोणी न्हाई." मला वाटलं होतं ते मला तिथून हाकलतील. त्या धुरात, सगळ्यांच्या नजरेसमोर, त्याच कढईपाशी उभं राहणं ही शिक्षा मोठी होती, आणि तो मान होता, हे कळायला मला बाप व्हावं लागलं.

बराच वेळ गेला. लाकडं तडतडत होती, पोत्यांखालून पाण्याचा जाड आवाज येत होता, लांब कॅनॉलवर कुणी तरी धुणं आपटत होतं. मग मी पोतं उचललं आणि बघितलं. कढईभर फेस, ताकावर यावा तसा पांढरा, आणि त्याच वेळी तो वास. तो कच्च्या हळदीचा मातीसारखा वास नसतो, स्वयंपाकातलाही नसतो. आबांची मान माझ्या आधीच वर झाली होती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "काडी दे." ज्वारीच्या धांड्याची काडी त्यांच्या हातात दिली, पळीनं काढलेला एक गड्डा दुसऱ्या हातात. तो तळहाताला चटका देत असणार. काडी टोचली, अंगठ्यानं दाबली, ती पलीकडून निघाली. "काढा, चाचा."

"आता कसं बोललात," रहीमचाचा म्हणाले, आणि उठताना माझ्या पाठीवर एक थाप मारली. ती शाबासकी होती की मार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून सहा कढया निघाल्या. पंधरा दिवस हळद उन्हात पसरली होती. रोज उलटवायला मी आणि माय. वाळल्यावर तात्या आले, ढिगातून एक हळकुंड उचललं, धुऱ्याच्या दगडावर आपटलं. खणखणीत वाजलं आणि मोडलं. आतून गर्द केशरी. त्यांनी दुसरं मोडलं, मग ढिगाच्या पार तळातलं एक. तिसरं मोडल्यावर तुकडे खिशात टाकले. आबा लिंबाखाली बसून तो आवाज ऐकत होते. तात्या त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.  मग म्हणाले, "विहिरीला कठडा बांधायला लागतो, दादा. दगड माझ्या वावरातला घेऊ. सोमवारी सुरू करू."

"मंगळवारी," आबा म्हणाले. "सोमवारी मला वावरात काम हाय."

तो कठडा अजून आहे. अकरा वर्षं आबा त्याला हात लावून बसायचे आणि मला किंवा माझ्या पोरांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही विचारायचे, काय दिसून राहिलं. शाळेत मी पोरांना रोज वाटेतल्या तीन गोष्टी सांगायला लावायचो, ती माझी शिकवायची नवी पद्धत आहे असं एकदा साहेबांना सांगितलं होतं. रामकिसनलाही लावल्या होत्या सांगायला. त्याच्या तिन्ही गोष्टींत कायम म्हशीच असायच्या, म्हणून तो भोपळा.

एवढं लिहून झालं आणि काल दुपारी ओट्यावर बसून मी हे सुमनला वाचून दाखवलं. ती तूरडाळ निवडत होती. सुपातली डाळ एका लयीत वर उडायची, खाली पडायची. आबांना तिनं शेवटची चार वर्षं वावरात नेलंय, त्यामुळं मला वाटलं तिचे डोळे भरून येतील. ती वाचन संपेपर्यंत निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "लिहिलंय बरं. पण लिंब तोडला म्हणून चुकलो असं जे सुरवातीलाच लिहिलंय, ते खोडा. त्या लिंबाचा बुंधा तिथंच हाय, कमरेइतका. व्याह्यांशी बोलत तुमी त्याला मांडी घासून पुढं गेलात, मी मागून बघितलं. गेल्या आठवड्यात चौकट लागली तवाबी चौकटीलाच बोललात. नांदेडच्या डॉक्टरकडं बुधवारचा नंबर मी लावलाय, तात्यांचा पोरगा गाडी घिऊन येणार हाय. आता माझ्या तोंडाकडं बघा, मान हलवू नका. ह्या बाजूच्या हातात मी काय धरलंय, सांगा. आन् खरं सांगा."